एंजलफिश आणि कोरल एकाच टाकीत: बेळगावकडच्या नवशिक्यांसाठी

खाऱ्या पाण्याची टाकी लावायचं मनात आलं की पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: एंजल आणि कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, एकत्र राहतात का? विकणारा म्हणतो, राहतात की. ज्याचं कोरल खाल्लं गेलंय तो म्हणतो, नाव काढू नका. दोघंही खरंच बोलत असतात. दोघांचे मासे वेगळे, कोरल वेगळं आणि टाकीत कुणाला आधी सोडलं हेही वेगळं.

टिळकवाडीतल्या आमच्या घरी चार फुटी टाकीला आता सात वर्षं होतील. तीत एक कोरल ब्यूटी एंजल आहे आणि त्याच्या आजूबाजूला लेदर आणि मशरूम कोरल चांगलं पसरलंय. इथवर पोहोचेपर्यंत दोन एंजल माझ्या हातून गेले. दोन्ही वेळा चूक माझी होती, आणि कुणी शेजारी बसून सांगणारं असतं तर ती झाली नसती. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या बाजूला असं सांगणारं माणूस सहजी भेटत नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढते.

१. कुठला एंजल, ते आधी ठरवा

बाजारात सगळीकडे दिसणारा, लांब झालरीसारख्या पंखांचा एंजल हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला गोड्या पाण्याचा मासा आहे. त्याचा इथे संबंध नाही. खाऱ्या पाण्यात तो मरेल. समुद्रातले एंजल हे वेगळंच कुळ. त्यात सुमारे नव्वद जाती आहेत आणि त्या सगळ्यांची एक खूण आहे: गालाच्या खालच्या कडेला मागे वळलेला एक टोकदार काटा. हा काटा लक्षात ठेवा, मासा पकडायच्या वेळी त्याचं काम पडणार आहे.

आपल्या कामापुरते तीन गट.

मोठे एंजल: एम्परर, कोरान, ब्लू रिंग वगैरे. एम्परर लहान असताना निळ्याकाळ्या अंगावर पांढरी वर्तुळं घेऊन येतो, तळहाताएवढाही नसतो, आणि बघताक्षणी घ्यावासा वाटतो. तो ४० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. मोठेपणी पट्टे पिवळे-निळे होतात आणि तेव्हा त्याला हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं. समुद्रात याचं मुख्य खाणं स्पंज आणि तसलेच खडकाला चिकटलेले जीव. त्याच्यासमोर कोरल ठेवणं म्हणजे ताट वाढून ठेवणं. पहिल्या टाकीसाठी हा गट सोडून द्या.

बुटके एंजल: कोरल ब्यूटी, फ्लेम, लेमनपील, बायकलर. यातले कोरल ब्यूटी आणि फ्लेम दहा-बारा सेंटीमीटरवर थांबतात. दिवसभर खडकावरचं शेवाळ आणि गाळ टिपत फिरायचं, हा यांचा धंदा. टिपता टिपता कोरललाही चोच लागते. कुणाची कमी, कुणाची जास्त. लेमनपील आणि बायकलर जास्त टोचतात, कोरल ब्यूटी त्यातल्या त्यात सभ्य. तरी एकाच जातीचे दोन मासे दोन तऱ्हेने वागतात, हे धरूनच चाला.

शेपटीला लांब टोकं असलेले एंजल: लामार्क, वातानाबे, बेलस. हे खडक टिपत नाहीत, मोकळ्या पाण्यात तरंगणारं बारीक खाणं खातात. कोरलच्या दृष्टीने सगळ्यात निर्धास्त गट हाच. पण लामार्क २० ते २५ सेंटीमीटर होतो, पोहायला लांबी मागतो आणि उड्या मारतो. साडेचारशे लिटरच्या खाली याला आणू नका, आणि टाकीवर जाळी हवीच.

चार फुटी टाकीला माझं उत्तर एकच: एक कोरल ब्यूटी. एकच. दोन बुटके एंजल एका लहान टाकीत ठेवले तर एक दुसऱ्याला कोपऱ्यात दाबून उपाशी मारतो.

२. कोरल घेण्याआधी कायदा वाचा

हा भाग लोक गाळतात, म्हणून सविस्तर सांगते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळी दगडी कोरल, म्हणजे कडक चुन्याचा सांगाडा बांधणारी कोरल, आहेत. काळं कोरल, ऑर्गन पाईप कोरल, फायर कोरल आणि सी फॅनही आहेत. पहिली अनुसूची म्हणजे वाघ ज्या यादीत आहे ती. मेलेला पांढरा सांगाडासुद्धा यात येतो. मालवण, कारवार किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर लाटेने आलेला कोरलचा तुकडा पिशवीत घालून घरी आणणं हासुद्धा गुन्हा आहे. खानापूरच्या एका कॉलेजच्या पोराने मला फोन करून विचारलं होतं, 'ताई, मालवणहून आणलेला तुकडा टाकीत टाकू का?' मी त्याला आधी हेच सांगितलं.

यातून दोन फसगती होतात. पहिली: 'लाईव्ह रॉक' म्हणून विकला जाणारा दगड बऱ्याचदा दगडी कोरलचाच सांगाडा असतो. त्याऐवजी सिरॅमिकचा किंवा खास टाकीसाठी बनवलेला कृत्रिम दगड घ्या. पाण्यातली घाण पचवणारे जिवाणू त्यावरही बसतात, फक्त वेळ जास्त लागतो. दुसरी: 'हे बाहेरच्या देशातलं आहे, याला काही होत नाही.' दगडी कोरल साईट्स (CITES) या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीतही आहेत. त्या यादीतले विदेशी जिवंत प्राणी बाळगायचे तर परिवेश या केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. २०२२ च्या दुरुस्तीने ही तरतूद आली आणि २०२४ मध्ये तिचे नियम निघाले. नुसत्या तोंडी भरवशावर काहीही घेऊ नका. दगडी कोरल घेऊच नका, हा माझा सरळ सल्ला.

एंजलपैकी साईट्सच्या यादीत आहे तो मेक्सिकोकडचा क्लेरियन एंजल. आपण वर घेतलेली नावं त्यात नाहीत.

एका फाईलमध्ये हे ठेवा:
- प्रत्येक माशाची आणि कोरलची पावती, त्यावर जातीचं नाव आणि माल कुठून आला ते लिहिलेलं
- माल आयात केलेला असेल तर विक्रेत्याकडून आयातीच्या परवान्याची प्रत
- टाकीचे तारखेसह फोटो, दर दोन-तीन महिन्यांनी एक
- कोरलचा तुकडा कुणा छंदी माणसाकडून घेतला असेल तर त्याची साधी सही केलेली चिठ्ठी

शंका असेल तर वन खात्याच्या ऑफिसात लेखी विचारा. अर्ज कन्नडमध्ये दिला तर काम लवकर पुढे सरकतं, आणि पोच घ्यायला विसरू नका.

३. मग कोणतं कोरल ठेवायचं

कायद्याने जे बाद झालं, त्यातलंच बरंचसं एंजलला खायला आवडतं. मऊ गुबगुबीत मांसाची दगडी कोरल त्याला फार प्रिय. जायंट क्लॅम हा मोठा शिंपलाही तसाच: एंजल त्याची रंगीत कड कुरतडतो, आणि त्याच्या जाती पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कायदा पाळून निवड केली की कोरल वाचवण्याचं निम्मं काम आपोआप होतं. उरलेलं सॉफ्ट कोरल, म्हणजे दगडी सांगाडा नसलेलं, असं लावा:

लेदर कोरल, म्हणजे छत्रीसारखं टोडस्टूल आणि बोटांसारखं फिंगर लेदर. याच्या अंगात कडवट रसायनं असतात, त्यामुळे मासे सहसा लांब राहतात. पहिलं कोरल म्हणून हेच घ्या. मशरूम कोरलही चिवट, कमी उजेडात, संथ पाण्यात राहतं. केनिया ट्री हे झाडासारखं कोरल इतकं वाढतं की पुढे वाटत बसावं लागतं.

झोआ हे रंगीबेरंगी बटणांसारखं कोरल सगळ्यांना हवं असतं. एंजल त्याला टोचण्याची शक्यता बरीच आहे. घ्यायचंच असेल तर एक लहान तुकडा घ्या, महिनाभर बघा, मग पुढचा. आणि एक गोष्ट गांभीर्याने घ्या: झोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जालीम विष असतं. हात लावताना हातमोजे आणि चष्मा घाला. झोआ बसलेला दगड कधीही उकळू नका, वाफेतूनही विषबाधा होते. कोरड्या ब्रशने खरवडू नका. घरात लहान मुलं असतील तर हे काम ती शाळेत गेल्यावर करा.

टोडस्टूल घरी आणल्यावर घाबरून जायची एक वेळ येते, ती आत्ताच सांगून ठेवते. एके सकाळी त्याच्या छत्रीवरचे केसरांसारखे सगळे तंतू आत गेलेले असतात. वरचा भाग मेण चोपडल्यासारखा चकचकीत दिसतो, रंग उतरतो, कडा मुडपतात. मी पहिल्यांदा ते मेलं म्हणून बाहेर काढायला निघाले होते. ते कात टाकत असतं. चार-सहा दिवसांनी वरचा पातळ पापुद्रा सुटून पाण्यात हलायला लागतो, प्रवाह त्याला ओढून नेतो, आणि खालून पहिल्यापेक्षा टवटवीत कोरल निघतं. त्या दिवसांत पंपाचा प्रवाह थोडा त्याच्याकडे वळवा, बाकी हात लावू नका. एंजल बिचारा उगाच बदनाम होतो.

४. टाकी, जागा आणि सामान

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत साधारण २४० लिटर पाणी मावतं. पाणी, काच, दगड, स्टँड मिळून वजन साडेतीनशे-चारशे किलोच्या घरात जातं. जुन्या कौलारू घरात, लाकडी तुळयांच्या माडीवर ती ठेवू नका. तळमजला, सिमेंटची जमीन, भिंतीला लागून, आणि उन्हाची तिरीप न पडणारी जागा.

लागणारं सामान:
- १० मिलीमीटर काचेची टाकी, खाली संप (फिल्टरचं सामान ठेवायची जोडटाकी) असेल तर उत्तम
- प्रोटीन स्किमर (फेस करून पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र)
- दोन वेव्ह पंप (टाकीत पाण्याचा प्रवाह ठेवणारे)
- कोरलसाठीचा निळा-पांढरा रीफ एलईडी लाईट, टायमरसह
- १५० वॅटचे दोन हीटर
- खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि तो तपासायचं ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावण
- अमोनिया, नायट्राईट, नायट्रेट, फॉस्फेट आणि अल्कलिनिटीचे टेस्ट किट
- बॅटरीवर चालणारा एअर पंप
- नवा मासा आधी वेगळा ठेवायला पन्नास लिटरची दुसरी टाकी, तिचा स्पंज फिल्टर आणि हीटर
- टाकीवर बसेल अशी बारीक जाळी

एक तीनशेचा हीटर घेण्यापेक्षा दीडशेचे दोन घ्या. एखादा चालू अवस्थेत अडकला तरी टाकी उकळत नाही, आणि एखादा बंद पडला तरी रात्र निघते. लाईट आठ-नऊ तास पुरे. लेदर एकमेकांच्या जवळ असतील तर ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी संपमध्ये ठेवा, त्यांची रसायनं ती शोषून घेते.

५. पाणी

बेळगावात कुणाकडे राकसकोपचं पाणी येतं, कुणाकडे हिडकलचं. जुन्या घरांत विहीर असते, नव्या वसाहतींत बोअर. यातलं कुठलंही पाणी थेट चालत नाही. आरओ फिल्टरमधून काढून पुढे डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणारे दाणे) न्यायचं आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजणाऱ्या मीटरवर शून्य आलं की मगच त्यात मीठ मिसळायचं.

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. पिण्याच्या पाण्याचा घरातला आरओ शुद्धच पाणी देतो असं वाटतं. त्यात टीडीएस कंट्रोलर नावाचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. काही मशीनमध्ये मिनरलचं काडतूसही असतं. मीटर लावलात तर ४०, ६०, ८० असे आकडे येतील. त्या पाण्यातला फॉस्फेट आणि सिलिकेट महिन्याभरात काचेवर तपकिरी-हिरवा थर आणतो. टाकीसाठी साधा, कंट्रोलर नसलेला आरओ वेगळा लावा आणि त्याच्यापुढे डीआय जोडा. आरओमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून फरशी पुसायला वापरा.

समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणायचा मोह होतो. चोर्ला घाटाने गोवा जवळच आहे, गाडी काढली की झालं, असं वाटतं. किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ, सांडपाणी, बोटींचं तेल असतं, आणि पावसाळ्यात नद्यांच्या गोड्या पाण्याने खारटपणा पार उतरतो. समुद्री टाकीसाठी तयार मिळणारं सॉल्ट मिक्सच वापरा. घरचं मीठ, खडेमीठ, सैंधव, यातलं काही चालत नाही.

दर लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम मिक्स, म्हणजे २०० लिटरला साडेसात किलोच्या आसपास. बादलीत पंप लावून एक रात्र फिरवा, सकाळी मोजा. ३५ पीपीटी, म्हणजे १.०२५ ते १.०२६ घनता. रिफ्रॅक्टोमीटर दर महिन्याला त्या द्रावणाने तपासा. साध्या पाण्यावर शून्य दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ ला चुकू शकतो.

बाष्पीभवन झालेलं पाणी भरताना फक्त गोडं, शून्य टीडीएसचं पाणी घाला. मीठ उडून जात नाही.

बाकीचे आकडे: तापमान २५-२६ अंश, अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, नायट्रेट ५ ते १५ मिलिग्रॅम. सॉफ्ट कोरलला दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तरी भागतं. नायट्रेट शून्यावर आणायचा अट्टाहास करू नका. सॉफ्ट कोरलला पाण्यात थोडा कस लागतो.

६. आपल्याकडची हवा

मुंबई-गोव्याच्या लोकांनी दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १४ च्या आसपास उतरतो, खानापूरच्या रानाकडच्या गावांत आणखी खाली. किनाऱ्यावर हीटर कपाटात पडून असतात, आपल्याकडे ते जिवावर बेतणारं ठरतं. दिवाळी झाली की दोन्ही हीटर चालतात का ते बघून घ्या.

मार्च ते मे मध्ये उलट. दुपारी ३६-३७ अंश होतं, पण हवा कोरडी असते. त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका पंखा लावला की दोन-तीन अंश सहज उतरतात. महागडा चिलर मला आजवर लागलेला नाही. पंख्याने पाणी भराभर उडतं, दिवसाला चार-पाच लिटर सुद्धा, तेव्हा रोज संध्याकाळी भरणं आलं. जूनमध्ये पाऊस लागला की दमट हवेत पंख्याचा उपयोग राहत नाही, पण तोवर गारवाही आलेला असतो.

खरी काळजी वळवाची. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वारा सुटतो, झाडं पडतात, वीज जाते ती रात्री उशिरा येते. टाकीला सगळ्यात आधी कमी पडतो तो ऑक्सिजन. तापमान हळू बदलतं, त्याला तास लागतात. इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्ह पंप ठेवा, तो पृष्ठभागाकडे वळवलेला. हीटर आणि लाईट इन्व्हर्टरवर नको. बॅटरीचा एअर पंप चार्ज करून हाताशी ठेवा.

७. सहा महिने थांबा

दगड आणि पाणी घातल्यावर अमोनियाचा थेंब घालून किंवा थोडं खाणं कुजवून घाण पचवणाऱ्या जिवाणूंचं चक्र सुरू करा. आधी अमोनिया चढतो, मग नायट्राईट, मग नायट्रेट. पहिले दोन शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर गोगलगायी, मग क्लाऊनफिशची जोडी. भारतातल्या हॅचरीत वाढवलेले क्लाऊन मिळतात, तेच घ्या. मग लेदर, मग मशरूम.

एंजल मात्र सहा महिन्यांच्या आत नको. टेस्ट किटवर सगळं बरोबर दिसत असतं, म्हणून इथे धीर सुटतो. माझा दुसरा एंजल असाच गेला. दोन महिन्यांची टाकी, पाणी चकचकीत, दगड पांढरेशुभ्र. तो दिवसभर या दगडावरून त्या दगडावर टिपत फिरायचा आणि त्याला काहीच मिळायचं नाही. वरून घातलेल्या गोळ्या तोंडात घ्यायचा, थुंकायचा. दुसऱ्या आठवड्यात पोट आत गेलं, डोक्यामागे खळगा दिसायला लागला, तिसऱ्या आठवड्यात गेला.

बुटका एंजल हा चरणारा मासा आहे. त्याला दगडावर शेवाळाची मऊ साय हवी, बारीक किडे हवेत, फटींत स्पंज हवा. हे सगळं आपोआप येतं, पण वेळ घेऊन येतं. मागची काच पुसू नका, तिच्यावरचं हिरवं शेवाळ त्याच्यासाठी राखा. चरायला कुरण असलेला एंजल कोरलकडे कमी वळतो. लोक कोरल टोचल्याची तक्रार करतात, तेव्हा मी आधी त्यांच्या दगडांचा फोटो मागवते.

८. पार्सल

आपल्याकडे मरीन मासा येतो तो मुंबई किंवा बंगळूरहून, थर्मोकोलच्या पेटीत, रात्रीच्या बसने. दहा-अकरा तासांचा प्रवास. विक्रेत्याकडून मासा खातानाचा व्हिडिओ आधी मागवा. सायनाइड वापरून पकडलेले मासे आठवडाभर ठीक दिसतात आणि मग मरतात. निदान दोन आठवडे दुकानात राहिलेला आणि खाणारा मासाच घ्या. पिशवीतल्या पाण्याचा खारटपणा किती ठेवणार, हेही विचारून घ्या.

माझा पहिला एंजल मी नेमका घरी आल्यावर घालवला. जुलैची पहाट होती, पाऊस लागून राहिलेला. पेटी आणली, पिशवी उघडली, आणि वाचलं होतं तसं बारीक नळीने थेंब थेंब पाणी दोन तास सोडत बसले. तासाभरात तो तिरका झाला. पुढे कारण कळलं. बंद पिशवीत मासा श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साईड साठतो आणि पीएच खाली जातो. त्या कमी पीएचमध्ये त्याने अंगाबाहेर टाकलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणजे मी त्याला दोन तास विषात ठेवलं होतं.

लांबून आलेल्या माशाला असं करा:
- वेगळ्या टाकीचं पाणी आदल्या रात्रीच विक्रेत्याने सांगितलेल्या खारटपणाला आणून ठेवा
- पेटी उघडा, खोलीतला लाईट मंद करा
- बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा
- उघडा, रिफ्रॅक्टोमीटरने पटकन मोजा. फरक एक-दोन पीपीटीचा असेल तर लगेच मासा सोडा
- पिशवीचं पाणी टाकीत ओतू नका
- टाकीचा खारटपणा पुढच्या तीन-चार दिवसांत हळूहळू ३५ वर न्या

मासा उचलताना जाळी वापरू नका. गालावरचा तो काटा जाळीच्या विणीत अडकतो, मासा झटके देतो आणि गाल फाटतो. अडकलाच तर ओढू नका, जाळी पाण्यात ठेवून कात्रीने कापा. त्यापेक्षा प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा पाण्यात बुडवून त्यात मासा हळूच येऊ द्या.

९. चार ते सहा आठवडे वेगळं ठेवणं

वेगळ्या टाकीत वाळू नको, दगड नको, लपायला पीव्हीसीचे दोन-तीन एल्बो पुरेत. स्पंज फिल्टर आधी महिनाभर मुख्य टाकीच्या संपमध्ये ठेवून मुरवून घ्या.

बघायचं काय: अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके, भराभर श्वास, दगडाला अंग घासणं, डोळे धुरकट. ठिपक्यांचा रोग एकदा कोरलच्या टाकीत शिरला की सगळे मासे बाहेर काढून ती सुमारे अडीच महिने बिनमाशांची ठेवावी लागते. औषध तिथे देता येत नाही. तांबं असलेलं औषध कोरल आणि गोगलगायी दोन्ही मारतं, तेव्हा ते मुख्य टाकीत थेंबभरही नको, आणि ज्या बादलीत, नळीत ते वापरलं ती वस्तूही परत तिकडे नको. बुटक्या एंजलला स्वतःलाही तांबं झेपत नाही. द्यायची वेळ आली तर टेस्ट किटने मोजत, हळूहळू चढवत.

हेच दिवस खाण्याची सवय लावायचे. साधी भाजलेली, तेल-मसाला नसलेली नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पापड) क्लिपला लावा. मायसिस (कोलंबीसारखे बारीक जीव), स्पिरुलिना (शेवाळाचं खाद्य) हेही द्या. कशालाच तोंड लावत नसेल तर तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, आणा. कारवार-गोव्याकडून येणारी मासळी आपल्या बाजारात मिळते, त्यातल्या तिसऱ्या दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून, एक शिंपली उघडून आत ठेवा. गोळ्यांकडे न बघणारा माझा आत्ताचा मासा पहिल्यांदा खाल्ला तो त्या शिंपलीतून.

घरी करायचं खाणं: सोललेली मीठ न लावलेली कोलंबी, तिसऱ्यांचं मांस, नोरी, चमचाभर स्पिरुलिना. मिक्सरला जाडसर फिरवा, झिपच्या पिशवीत पातळ पसरून फ्रीझ करा, रोज नखाएवढा तुकडा मोडून द्या.

१०. मुख्य टाकीत सोडणं

एंजल सगळ्यात शेवटी. आधीचे मासे स्थिरावलेले, कोरल दगडाला घट्ट धरलेलं आणि उघडलेलं हवं. सोडायच्या आदल्या दिवशी एक-दोन दगड जरा सरकवा, म्हणजे जुन्या माशांच्या हद्दी मोडतात. संध्याकाळी लाईट गेल्यावर सोडा.

पहिला महिना दिवसातून तीनदा थोडं थोडं खाणं. सकाळी लाईट लागल्या लागल्या नोरीची क्लिप तयार हवी. रात्रभराचा उपाशी एंजल पहिल्या तासात काय टिपतो यावर पुढचं बरंच ठरतं. नोकरी करणाऱ्यांनी दुपारच्या खाण्यासाठी ऑटो फीडर लावावा.

११. टोचायला लागला तर

एखादी चोच मारली म्हणून लगेच निकाल देऊ नका. लेदरच्या देठावर शेवाळ बसलेलं असतं, तो ते टिपतो आणि केसर क्षणभर मिटतात. पंधरा मिनिटांत पुन्हा उघडले तर काही बिघडलेलं नाही. काळजी करायची ती अशा वेळी: तोच तुकडा रोज मिटलेला, झोआच्या पट्ट्याची एकच कड तीन-चार दिवस बंद, मशरूमच्या काठावर अर्धवर्तुळाकार चावा, किंवा तो बाकी टाकी सोडून एकाच जागी परत परत येतोय.

मग क्रमाने: खाणं वाढवा, नोरी दोन ठिकाणी लावा. आठवडाभरात फरक नसेल तर ते कोरल दुसऱ्या कोपऱ्यात हलवा किंवा त्यावर प्लॅस्टिकच्या जाळीची टोपली दहा दिवस पालथी घाला. सवय मोडते कधीकधी. आमच्याकडे झोआच्या बाबतीत मोडली नाही. शेवटी तो तुकडाच मी निपाणीच्या एका काकांना दिला आणि एंजल ठेवला.

मासाच काढायचा ठरला तर टाकी उचकटू नका. पारदर्शक बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवा, आत नोरी ठेवा, दोरा बांधून टाकीत सोडा, आणि आदल्या रात्रीपासून खाणं बंद ठेवा. सकाळी पहिला आत शिरतो तो बहुतेक एंजलच. तो कुणाला द्यायचा हे आधी ठरवून मगच पकडा. बिनकोरलची मोठी टाकी असलेलं कुणी ओळखीत असेल तर उत्तम, नाहीतर विक्रेत्याशी परत घेण्याचं बोलून ठेवा. गोव्याला किंवा कारवारला जाताना बाटलीत घालून समुद्रात सोडून देऊ नका. पॅसिफिकमधला फ्लेम एंजल आपल्या किनाऱ्याचा नाही, आणि टाकीतून गेलेला मासा रोगही बरोबर घेऊन जातो.